रविवारचं भुयार

एक खेळ आहे. त्याला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. चार-पाच माणसं, कागद, पेन्सिली आणि चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे तऱ्हेतऱ्हेचे फासे एवढं सामान पुरतं. प्रत्येक जण एक पात्र घेतो. कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक. आणि एक जण उरलेलं सगळं जग होतो. दार कुठे आहे, दारामागे कोण आहे, तो काय बोलतो, छतातून पाणी गळतंय का, हे सगळं त्या एकाने सांगायचं. त्याला म्हणतात गेम मास्टर.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध खेळ म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि १९७४ साली तो अमेरिकेत छापून बाजारात आला. त्याच्याही आधी आर्नेसन आपल्या मित्रांना ब्लॅकमूर नावाच्या कल्पित किल्ल्याखालच्या तळघरांत फिरवून आणत असे. डंजन म्हणजे खरं तर किल्ल्यातली अंधारकोठडी. खेळात मात्र भुयार, तळघर, गुहा, पडक्या वास्तूखालची वाट, सगळ्यालाच डंजन म्हणतात. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' ज्यांनी वाचली असेल किंवा नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर पाहिली असेल, त्यांना 'तिलिस्म' हा शब्द पुरे आहे. तसंच काहीसं.

आमच्याकडे वडोदऱ्यात हा खेळ दर रविवारी दुपारी चार ते सात चालतो. जेवणाचं टेबल रिकामं करायचं, मधे लिलो चेवड्याचं पातेलं ठेवायचं आणि बसायचं. खेळायला माझा बारा वर्षांचा मुलगा, नवरा, सासूबाई, शेजारची नववीतली गुजराती मुलगी आणि शिकायला आमच्याकडे राहणारा माझा भाचा. भाषा तीन. मराठी, गुजराती आणि नियमांपुरती इंग्रजी.

हा खेळ घरात आणला भाच्याने. आठ महिने गेम मास्टरही तोच होता. त्याची तयारी बघून मी थक्क व्हायचे. एका भुयारासाठी पंचवीस-पंचवीस पानं. कोणत्या खोलीत कोणत्या रंगाचं जाजम, कोणत्या राक्षसाचे आजोबा कोण, सगळं लिहिलेलं. आणि खेळणारे? ते उजवीकडच्या अकरा खोल्या सोडून डावीकडे वळायचे, कारण माझ्या मुलाला डावीकडून वास आला असं वाटायचं. त्या अकरा खोल्यांसाठी भाचा आठवडाभर जागलेला असायचा.

एका शनिवारी रात्री तो स्वयंपाकघरात येऊन म्हणाला, "आत्या, मला आता नको वाटतं. रविवार जवळ आला की पोटात गोळा येतो."

आवडीच्या गोष्टीने पोटात गोळा यावा, हे काही बरं लक्षण नव्हे. पण हा त्रास त्याच्या एकट्याचा नाही. या खेळाचा हिशेबच तसा आहे. खेळणारा एक पात्र घेऊन येतो, गेम मास्टर सगळं जग घेऊन येतो. पाच जणांची करमणूक एकाच्या डोक्यावर. जगभर कितीतरी टेबलं अशीच बंद पडतात. भांडण होत नाही, कंटाळाही येत नाही. जो खेळवतो तो दमतो, एवढंच.

दुसऱ्या दिवशी शेजारची मुलगी चार वाजता आली. आज खेळ नाही हे कळल्यावर तिने विचारलं, "मासी, तो हवे आपणे नहीं बेसीए?" म्हणजे, आता आपण बसायचंच नाही का? ही मुलगी फार कमी बोलते. खेळातही तिचं वाक्य ठरलेलं, "मी पण तेच." पण एकही रविवार तिने चुकवला नव्हता. मी म्हटलं, "बसायचं. आता मी खेळवते."

मी बँकेत नोकरी करते. घर आहे, सासूबाईंची औषधं आहेत, मुलाचा अभ्यास आहे. म्हणून पहिल्याच दिवशी अट घातली की तयारी आठवड्याला चाळीस मिनिटं. गुरुवारी संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत. तेवढ्यात जे बसेल ते भुयार.

मग मी जुने नियम वाचायला घेतले आणि मजा वाटली. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांनाही नोकऱ्या होत्या, घरं होती. त्यांनी यावर उपाय शोधून ठेवले होते.

पहिला उपाय फाशाचा. टॉम मोल्डव्हे यांनी संपादित केलेल्या १९८१ च्या बेसिक नियमपुस्तकात एक छोटासा तक्ता आहे. प्रत्येक खोलीसाठी सहा बाजूंचा फासा टाकायचा. १ किंवा २ आला तर तिथे कोणीतरी राहतं. ३ आला तर सापळा. ४ आला तर काहीतरी चमत्कारिक. ५ किंवा ६ आला तर खोली रिकामी. म्हणजे सरासरी दर तीन खोल्यांपैकी एक रिकामी!

रिकामी खोली म्हणजे वाया गेलेली खोली नव्हे. घराला जसं अंगण, तशी भुयाराला रिकामी खोली. तिथे खेळणारे श्वास घेतात, कान लावून ऐकतात, नकाशा बघतात, आपसात वाद घालतात. आणि भिंतीवरचा एक ओरखडा सांगितला तरी त्यावर दहा मिनिटं तर्क लढवतात. ती दहा मिनिटं गेम मास्टरने चहा प्यायची असतात.

मी पन्हाळ्याची अंधारबाव डोळ्यांपुढे ठेवून भुयार आखलं. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना आठवेल. बाहेरून साधी इमारत, आत तीन मजले, सगळ्यात खाली विहीर, आणि मधल्या मजल्यावरून बाहेर निसटायला चोरवाट. आलेखाच्या एका कागदावर बारा खोल्या काढल्या आणि बारा वेळा फासा टाकला. चार खोल्यांत वस्ती, दोन सापळे, एक चमत्कारिक, पाच रिकाम्या. वेळ, वीस मिनिटं.

आता त्या चार खोल्यांत राहणारे कोण? भुयार जिवंत होतं ते इथे. भिंतींचं कितीही वर्णन केलं तरी भुयार जिवंत होत नाही. तिथल्या रहिवाशांना काहीतरी हवं असतं, त्याने होतं. आपल्या सोसायटीचंच बघा ना. कोणाला पार्किंग हवं, कोणाला पाणी, कोणाला दुसऱ्याचा कुत्रा नको. तेवढ्यावर वर्षानुवर्षं कथा चालते, आणि ती कोणी लिहून ठेवलेली नसते.

गायगॅक्स यांचं १९७९ चं 'द कीप ऑन द बॉर्डरलँड्स' हे साहस याच कारणाने अजून खेळलं जातं. त्यात एका दरीतल्या गुहांमध्ये वेगवेगळ्या टोळ्या शेजारी शेजारी राहतात. त्यांची आपसात पटापट जुळते आणि तेवढीच झटापटही होते. गोब्लिन, म्हणजे बुटके, कपटी भूतलोक, संकटात सापडले की शेजारच्या आडदांड ऑगर राक्षसाला मोहरांची थैली देऊन मदतीला बोलावतात. खेळणाऱ्यांनी डोकं चालवलं तर एका टोळीला दुसरीविरुद्ध उभं करता येतं. तलवार काढण्याआधी चार वेगळे मार्ग दिसतात.

मी प्रत्येक रहिवाशासाठी फक्त तीन गोष्टी लिहिते. काय हवंय, कशाची भीती आहे, आज काय चाललंय. माझ्या वहीतल्या नोंदी अशा होत्या.

गोब्लिन: हवं, विहिरीचं पाणी. भीती, विहिरीतला बेडूक. आज, पोहरा कोणी सोडायचा यावर भांडण.

बेडूक (हत्तीएवढा): हवी, शांतता. भीती, उजेड. आज, झोप मोडली आहे.

पहारेकऱ्यांची भुतं: हवा, पाळी बदलणारा माणूस. भीती, जागा सोडली तर शिक्षा. आज, दारावर उभे.

इतकंच. पानभर संवाद नाहीत. शेवट तर अजिबात नाही. काय व्हावं हे मी ठरवत नाही, कोण काय धरून बसलंय एवढंच ठरवते. पुढचं खेळणारे बघतात.

तिसरा उपायही फाशाचाच. समोरून कोणी आलं की ते मारायला धावणार की बोलणार, हेही जुन्या नियमांत फासेच सांगतात. सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तर ताबडतोब हल्ला. १२ आली तर मैत्रीच. पण दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी २ ची एक आणि १२ चीही एकच. ६, ७ आणि ८ मिळून मात्र १६. आणि ६ ते ८ म्हणजे समोरच्याचं अजून काहीच ठरलेलं नाही. म्हणजे बऱ्याचदा राक्षससुद्धा आपल्यासारखाच दाराच्या फटीतून बघत असतो, हे कोण आलंय आता?

पहारेकऱ्यांच्या दारापाशी आमचा गट पोहोचला तेव्हा माझ्या फाशांची बेरीज आली ७. पाच भुतं भाले आडवे धरून उभी होती. नवरा म्हणाला, "आधी वार करू." मुलगा तर केव्हाचा तयार होता. तेवढ्यात शेजारच्या मुलीने विचारलं, "तुमची ड्युटी कधी संपते?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. मी वहीतली ओळ पाहिली आणि भुताच्या आवाजात म्हटलं, "पुढची पाळी आली की."

"कधी येणार?"

"आली नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग खुर्चीत ताठ बसली आणि म्हणाली, "आम्ही पुढची पाळी आहोत. तुम्ही घरी जा."

टेबलावर कोणी काही बोललं नाही. सासूबाई हळूच म्हणाल्या, "जाताना त्यांना भाकरी द्या गं. किती वर्षं उभे आहेत बिचारे." मुलगा म्हणाला, "आजी, भुतांना भाकरी?" तर त्या म्हणाल्या, "मग काय झालं?" आणि त्यांच्या पात्राच्या शिदोरीतून पाच भाकऱ्या खोडल्या.

नंतर चेवडा खाता खाता त्या मुलीने आपणहून सांगितलं. तिचे बाबा कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतात. पुढच्या पाळीचा माणूस आला नाही की त्यांना तिथेच थांबावं लागतं. मग आई ताट झाकून ठेवते. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा एवढं बोलली.

हे मी लिहिलेलं नव्हतं. लिहिता आलंही नसतं. पानभर लढाई आणि भाषण तयार असतं तर मी तेच वाचून दाखवलं असतं, आणि तिच्या प्रश्नाला जागाच उरली नसती. कमी तयारीत फक्त वेळ वाचतो असं नाही. समोरच्याला आत यायला दार उघडं राहतं.

गंमत पुढे झाली. भुतं गेली, आणि 'आम्ही पुढची पाळी आहोत' असं तर आमचा गट बोलून बसला होता! आता विहिरीवर पहारा कोणाचा? पुढचे पाच रविवार त्या एका वाक्यावर निघाले. मला नवीन काही शोधावं लागलं नाही.

काळ पुढे सरकतोय हे खेळणाऱ्यांना जाणवलं, तरच भुयार खरं वाटतं. त्यासाठीही जुना हिशेब सोपा आहे. खेळातली दहा मिनिटं म्हणजे एक 'टर्न'. मशाल सहा टर्न जळते, म्हणजे एक तास. दर दोन टर्नना सहा बाजूंचा फासा टाकायचा, १ आला की कोणीतरी फिरत फिरत येतं. मशाली मोजायचं काम सासूबाईंकडे आहे. महिन्याच्या किराण्यात त्या एक काडेपेटी चुकत नाहीत, इथे कशा चुकतील? "झाला गं तास, मशाल गेली," असं त्या म्हणाल्या की सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. भीती निर्माण करायला मला वेगळं काही करावं लागत नाही.

नकाशाचीही एक युक्ती आहे. जेनेल जॅक्वेज या रचनाकार बाईंचं 'कॅव्हर्न्स ऑफ थ्रेशिया' हे १९७९ चं भुयार आजही आदर्श मानलं जातं. आत शिरायला एकाहून जास्त वाटा, आणि वाटा फिरून एकमेकींना मिळणाऱ्या. एकामागे एक खोल्यांची आगगाडी केली की खेळणारे डब्यातल्या प्रवाशांसारखे होतात. पुढच्या डब्यात काय आहे ते सांगत बसायची जबाबदारी आपली. वाटा गोल फिरवल्या की तेच ठरवतात, कुठून जायचं, कोणाला चुकवायचं, पळायचं कुठे. तेवढ्याच बारा खोल्या दुप्पट पुरतात.

खेळ संपला की पाच मिनिटं मी आणखी एक काम करते. हा माझा स्वतःचा नियम. प्रत्येक टोळीसाठी एक फासा. १-२ आला तर त्यांचं काहीतरी बिनसलं, ३-४ आला तर जैसे थे, ५-६ आला तर त्यांना हवं ते थोडं मिळालं. भुतं गेली त्या रविवारी गोब्लिनांना ६ आला. म्हणून त्यांनी रिकाम्या झालेल्या पहाऱ्याच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. पुढच्या वेळी आमची मंडळी पोहोचली तर भाल्यांवर कपडे वाळत घातलेले! आपण नसतानाही इथे काहीतरी चालू असतं, हे एवढ्याने पटतं.

बाकी काम वाटून टाकायचं. घरात जसं एकटीने सगळं करत बसलं की चिडचिड होते, तसंच इथे. आमच्याकडे नकाशा मुलगा काढतो. खेळातली वेळ नवरा मोजतो. भेटलेल्यांची नावं शेजारची मुलगी डायरीत लिहिते, आणि मागच्या वेळी काय झालं हेही आता तीच सांगते. नियम अडला की भाचा पुस्तक उघडतो. कधी मी त्यांनाच विचारते, "या दारावर काय कोरलंय?" त्यांनी सांगितलेलं माझ्यापेक्षा बरंच असतं. आणि उठण्याआधी एक प्रश्न ठरलेला. पुढच्या रविवारी कुठे जाणार? त्यांनी डावीकडे म्हटलं की मी गुरुवारी फक्त डावीकडचं बघते.

सुट्टीचाही नियम आहे. नवरात्रात खेळ नाही, गरब्याला जायचं असतं. परीक्षेत नाही. आणि खेळवणाऱ्याने 'आज नको' म्हटलं तर कारण विचारायचं नाही. त्या दिवशी पत्ते.

भाचा आता खेळाडू म्हणून बसतो. सुरुवातीचे दोन महिने तो नुसता आरामात रेलून बसायचा. मग एकदा म्हणाला, "आत्या, महिन्यातला पहिला रविवार मी घेऊ?" मी विचारलं, "किती पानं?" तो म्हणाला, "एक. पाठपोट." मी म्हटलं, "पाठपोट नाही. एकाच बाजूला." तो हसला आणि कबूल झाला.

तुमच्या घरीही हे सुरू करता येईल. या खेळाचे मूलभूत नियम २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली इंटरनेटवर मोफत आहेत. इंग्रजीत आहेत, पण घरातलं कोणीतरी वाचून सांगेलच. वीस बाजूंचा फासा नसेल तर मोबाइलवर मिळतो. पहिल्या वेळी पाच खोल्या पुरेत, त्यातल्या दोन रिकाम्या. बाहेर पडायला दोन वाटा. राहणारे तिघे, प्रत्येकाला काहीतरी हवं असलेले. एका कागदावर मावलं नाही तर तेवढं कमी करा.

आणि तुमच्या टेबलावर कोणी दुसरा खेळवत असेल तर उठताना ताटल्या उचलू लागा, आणि त्याला विचारा, "दमलास का रे?" आमच्याकडे हे आता सासूबाई विचारतात.

विहिरीवर पहारा मात्र अजून कोणी धड लावलेला नाही. बेडकाची झोप पुन्हा मोडली आहे, असं फाशाने काल सांगितलं.